चुनाभट्टीच्या गावाची नोंद

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



मला सांगितलं गेलं, ‘तू परदेशात राहून आलीस, तिथले अनुभव सांग.’ मी एकच अनुभव सांगते, कारण तो फिरून राजूरलाच येतो.

कंपनीच्या कामासाठी मी काही महिने इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमला होते. एका रविवारी सहकाऱ्यांबरोबर मच वेनलॉक नावाच्या गावी गेले. वस्ती तीन हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्या राजूरपेक्षा लहान. पण गावात १५४० साली बांधलेली लाकडी कचेरी जपलेली, एक छोटं संग्रहालय, वाचनालय. तिथे विल्यम पेनी ब्रूक्स नावाचे डॉक्टर होऊन गेले. कष्टकऱ्यांना वाचायला मिळावं म्हणून त्यांनी १८४१ मध्ये वाचनसंस्था काढली. १८५० मध्ये गावात ऑलिम्पिकच्या नावाने मैदानी खेळ सुरू केले. ते बघायला १८९० मध्ये कुबेर्तँ आले, आणि पुढे १८९६ मध्ये अथेन्सला आधुनिक ऑलिम्पिक भरलं. ते पाहायला ब्रूक्स राहिले नाहीत. काही महिने आधीच ते गेले.

हे सगळं ऐकत आम्ही गावाबाहेरच्या टेकडीवर गेलो, आणि मी थबकले. समोर दगडी चुनाभट्टी होती! विझलेली, गवत वाढलेली. पण शेजारी फलक होता. दगड कुठून यायचा, भट्टी कशी भरायची, माणसं कशी राबायची, सगळं लिहिलेलं. लोक थांबून वाचत होते, फोटो काढत होते.

मित्रांनो, माझी माय चुनाभट्टीवर कामाला होती. तुमच्यापैकी अनेकांना हे माहीत आहे. पण इंजिनिअरिंगच्या होस्टेलमध्ये मी कुणालाच सांगितलं नाही. विचारलं तर ‘वडील कॉलरीत आहेत’ एवढंच सांगायची. मायच्या हातांना पडलेल्या भेगा, डोक्यावरचं घमेलं, संध्याकाळी पांढरे झालेले केस, याची मला लाज वाटायची. आणि इथे परक्या देशात त्याच कामाचा फलक लोक आदराने वाचत होते. त्या दिवशी मी सहकाऱ्यांना पहिल्यांदा सांगितलं, ‘माय मदर वर्क्ड अॅट वन ऑफ दीज.’ मग त्यांनी प्रश्न विचारले. कुठल्या खाणीचा दगड? रोज किती मिळायचा? भट्टी किती दिवस जळायची? मला एकाही प्रश्नाचं उत्तर देता आलं नाही. आणि मायला जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती.

पुस्तकातलं मात्र मला येत होतं. चुनखडी नऊशे अंशांच्या आसपास तापवली की तिच्यातला कार्बन डाय-ऑक्साइड निघून जातो. शंभर किलो शुद्ध दगडातून छप्पन्न किलो कळीचा चुना उरतो. त्यावर पाणी टाकलं की तो फसफसून उकळतो. म्हणूनच माय आम्हाला चुन्याच्या हौदाजवळ फिरकू देत नसे. आपल्या भागात चुनखडी आहे आणि ती भाजायला लागणारा कोळसाही आहे, त्यामुळे राजूरला भट्ट्या असणं हा योगायोग नाही. हा कोळसा पंचवीस कोटी वर्षांहून जुना आहे, आणि दगड तर त्याच्याही कितीतरी आधीचा.

आपल्या भागाला लिहिलेला इतिहासही आहे. १९०५ पर्यंत यवतमाळ जिल्ह्याचं नावच वूण, म्हणजे आपली वणी, असं होतं. लोकनायक बापूजी अणे १८८० साली वणीतच जन्मले. १९७३ मध्ये कोळसा खाणींचं राष्ट्रीयीकरण झालं, हे आपण शाळेत पाठ केलं. पण त्या दिवशी आपल्या कॉलरीतल्या माणसांच्या घरात काय बोलणं झालं, हे कुठल्याच पुस्तकात नाही. आपल्या वर्गात तेलुगू बोलणारी, हिंदी बोलणारी, छत्तीसगडी बोलणारी मुलं होती. त्यांचे आजोबा इथवर कसे आले? दवाखाना नव्हता तेव्हा बाळंतपणं कोण करायचं? नळ यायच्या आधी पाणी कुठून भरायचे? रात्रपाळीचा भोंगा झाला की कोण कोण उठायचं? हे सांगणारी माणसं अजून आपल्यात आहेत. काही तर आज या मांडवात पुढच्या रांगेत बसली आहेत.

वेनलॉकच्या लोकांनी फार मोठं काही केलेलं नाही. त्यांनी विचारून घेतलं आणि लिहून ठेवलं. म्हणून माझी एक विनंती आहे. आज घरी गेल्यावर प्रत्येकाने आपल्या घरातल्या किंवा शेजारच्या एका वयस्क माणसाजवळ बसावं, मोबाइलवर त्यांचं बोलणं रेकॉर्ड करावं आणि दोन पानं लिहून काढावीत. शुद्धलेखनाची काळजी करू नका, ते आपले मराठीचे सर आजही तपासतील! जुने फोटो, पगाराच्या पावत्या, हजेरीकार्डं असतील तर फेकू नका. ते सगळं स्कॅन करून नीट लावून ठेवण्याचं काम माझं. त्याची एक छापील प्रत शाळेच्या वाचनालयात राहील, म्हणजे आज पाचवीत असलेल्या मुलीला ती हाताळता येईल.

आणि भट्ट्यांजवळ एक साधा फलक लावू. त्यावर तिथे राबलेल्या बायांची नावं असावीत. मायचं नाव लिहायला मी येईन. बाकीची नावं तुम्ही सांगा.