लुंबिनीत भेटलेली माणसं
(विहाराच्या वर्धापनदिन कार्यक्रमात केलेले भाषण)



परदेश पाहून आलेला माणूस म्हणून समितीनं मला इथं उभं केलंय. परदेश म्हणजे नेपाळ. पासपोर्ट लागत नाही. 2019 च्या नोव्हेंबरात आम्ही अकरा जण परभणीहून मनमाड, मनमाडहून गोरखपूर आणि तिथून बसनं सोनौलीला गेलो. कमान ओलांडली की देश बदलतो. घड्याळ 15 मिनिटं पुढं करावं लागतं. गिरणीच्या भोंग्यावर आयुष्य गेलेल्या माणसाला ही 15 मिनिटं फार टोचतात. आपल्या शंभराचे तिथले 160 होतात, म्हणून पहिल्या दिवशी श्रीमंत झाल्यासारखं वाटतं, एवढंच.

लुंबिनीची बाग 3 मैल लांब, 1 मैल रुंद. मधून कालवा, एका अंगाला थेरवादी विहार, दुसऱ्या अंगाला महायानी. आम्ही कोरियाच्या विहारात उतरलो. तिथं जेवल्यावर ज्याचं ताट त्यानं धुवायचं. गोरे पाहुणेसुद्धा ताट घासत होते. आमच्यातल्या एका गृहस्थानं, नाव सांगत नाही, ताट बायकोकडं सरकवलं. नळावरच्या म्हाताऱ्या बाईनं ते परत त्यांच्याच हातात दिलं. बोलली काहीच नाही.

सम्राट अशोकाचा स्तंभ 1896 साली उजेडात आला. त्यावर ब्राह्मी लिपीत कोरलंय की भगवान बुद्ध इथं जन्मले, म्हणून लुंबिनी गावाचा कर माफ आणि सारा फक्त आठवा हिस्सा. म्हणजे राजानं नुसता दगड उभारला नाही, गावातल्या कुणब्याचं ओझंही कमी केलं. मला त्या गावाचे आजचे लोक बघायचे होते. दुसऱ्या दिवशी भाड्यानं सायकल घेतली आणि बागेच्या बाहेर पडलो.

भाताची कापणी चालू होती. मातीची घरं, दारात बकऱ्या, भिंतीला गोवऱ्या. बोली अवधी-भोजपुरी, माझ्या मोडक्या हिंदीवर भागलं. मुसलमान भरपूर, हिंदू आहेत, थारू आहेत. बौद्धाचं घर मला एकही भेटलं नाही. मायादेवीला तिथले लोक पिढ्यान्‌पिढ्या रुम्मिनदेई म्हणून, गावदेवी म्हणून पूजत आले.

चहाच्या टपरीवर एकानं विचारलं, "कौन जात?" म्हणलं, "बौद्ध." तो म्हणाला, "वो तो ठीक है, जात कौन?" बुद्धाच्या जन्मगावी, स्तंभापासून मैलाभरावर! चहा गोड होता, पण घशाखाली उतरेना.

पुढं बांधावर चार बाया भाकरी सोडून बसल्या होत्या. त्यातली म्हातारी म्हणाली, हातपंपावर वरच्या जातीची बाई आली की आम्ही कळशी मागं घेतो. नेपाळात 1854 च्या मुलुकी ऐन या कायद्यानं शिवाशीव पक्की केली होती. 1963 ला नव्या कायद्यानं ती गेली, 2011 ला शिक्षेचा कायदा झाला. पण कळशी अजून मागंच. ज्या देशात बाबासाहेबांनी 20 नोव्हेंबर 1956 ला, महापरिनिर्वाणाच्या 16 दिवस आधी, काठमांडूच्या परिषदेत 'बुद्ध की कार्ल मार्क्स' यावर भाषण केलं, तो हा देश.

मी जोरात सांगायला लागलो, आमच्याकडं बाबासाहेबांनी असं केलं, घटनेत 17 वं कलम आहे. म्हातारीनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तोहरे गाँव में सब एक साथ बैठ के खात हैं?"

काय सांगू तिला? आमच्या गावात लग्नाचं आवतण येतं, नाही असं नाही. पण आमची पंगत शेवटी बसते, वाढपी लांबून वाढतो. खोटं बोलवेना. खरं सांगितलं. चौघी हसल्या. त्या हसण्यात टोमणा नव्हता. म्हातारीनं भाकरीचा तुकडा पुढं केला. तिथंच बांधावर बसून खाल्ला.

निघताना ती म्हणाली, तुमचे लोक बशीतून येतात, फोटो काढतात, निघून जातात, आमच्या टोल्यात कुणी येत नाही.

पुढच्या वर्षीच्या धम्मयात्रेच्या पत्रकात लुंबिनीला अडीच तास दिलेत. समितीला विनंती आहे, तिथं दोन मुक्काम धरा. त्या टोल्याचा रस्ता मला माहीत आहे. जयभीम, नमो बुद्धाय.