सत्तावीस म्हणजे दोन गठ्ठे आणि सात सुट्या

'आज गुरुजी ट्रेनिंगला गेलेत' असं मुलं घरी येऊन सांगतात, तेव्हा आपल्याला वाटतं, त्याचा आपल्याशी काय संबंध? शिरूर आणि दौंड भागात गणिताच्या प्रशिक्षणांत मी सुलभक म्हणून काम करते. तिथे काय चालतं आणि त्यात तुमचं काम कोणतं, ते आज सांगणार आहे.

एक संख्या घेऊ. सत्तावीस. हा शब्द ऐकताना मुलाच्या कानावर आधी सात पडतात, मग वीस. लिहिताना मात्र आधी दोन लिहायचा, मग सात. दुसरीतलं मूल ऐकलं तसं लिहितं, आणि वहीत ७२ येतात. एकोणतीसची तर आणखी गंमत. त्यात तीस ऐकू येतात, पण लिहिताना तीनचा आकडा कुठेच नाही. आपण मोठ्यांनी हे पाठ करून टाकलंय, म्हणून त्यातली अडचण आपल्याला दिसत नाही. मुलाला मात्र ती रोज भेटते.

तुम्हाला आठवत असेल, २०१९ च्या जूनमध्ये यावरूनच मोठा वाद झाला होता. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक', 'वीस दोन' असं संख्यावाचन आलं. गणितज्ञ मंगला नारळीकर तेव्हा गणित विषय समितीच्या अध्यक्ष होत्या. जुने शब्द काढलेले नाहीत, दोन्ही पद्धती दिल्या आहेत, असं त्यांनी सांगितलं. कानडी, तेलुगू या भाषांत दशक आधी बोलतात, मग एकक. तशी सोय मराठी मुलालाही व्हावी, हा हेतू होता. पण गावोगावी चर्चा झाली ती 'आमची मराठी बदलली' याची. मुलाला दशक कळतोय का, हा मूळ प्रश्न बाजूलाच राहिला. पुस्तक बदलतं, पण ते का बदललं हे शिक्षकाला आणि आईला कुणी नीट सांगितलं नाही, तर असंच होतं.

त्यानंतर ५ जुलै २०२१ ला केंद्र सरकारनं निपुण भारत अभियान सुरू केलं. त्यात प्रत्येक इयत्तेची अपेक्षा ठरवून दिली आहे. पहिलीच्या शेवटी ९९ पर्यंतच्या संख्या वाचता-लिहिता याव्यात, दुसरीच्या शेवटी ९९९ पर्यंत, तिसरीच्या शेवटी ९९९९ पर्यंत. दुसरीत ९९ पर्यंतच्या संख्यांची वजाबाकी, तिसरीत गुणाकाराची साधी उदाहरणं. २०२६-२७ पर्यंत तिसरी संपवणाऱ्या प्रत्येक मुलाला हे यावं, असं उद्दिष्ट आहे. २०२५ च्या जूनपासून पहिलीचा अभ्यासक्रमही नवा आला.

कागदावर हे सोपं दिसतं. वर्गात काय बदलायचं, ते प्रशिक्षणात कळतं. आम्ही शिक्षकांना ५२ वजा २७ करायला देतो. सगळे अर्ध्या मिनिटात २५ लिहितात. मग विचारतो, हातचा घेतला म्हणजे नेमकं काय केलं? खोली शांत होते. मग काड्या आणि रबर वाटतो. पाच गठ्ठे दहा-दहाचे आणि दोन सुट्या काड्या. यातून सत्तावीस काढा. सात सुट्या काढायच्या, पण आहेत दोनच. म्हणून एक गठ्ठा सोडायचा. आता चार गठ्ठे आणि बारा सुट्या. त्यातून सात काढल्या, पाच उरल्या. दोन गठ्ठे काढले, दोन उरले. पंचवीस. वहीत वर जो छोटा आकडा आपण लिहितो, तो म्हणजे हा सोडलेला गठ्ठा. वीस-वीस वर्षं शिकवणारे गुरुजीही स्वतःच्या हातानं गठ्ठा सोडतात, तेव्हा म्हणतात, हे मुलांना असंच द्यायला हवं.

पण खरी अडचण पुढे असते. प्रशिक्षण राज्याकडून जिल्ह्याला, जिल्ह्याकडून तालुक्याला, तिथून केंद्राला असं पाझरत येतं. वाटेत काड्या गळून जातात आणि नुसती भाषणं उरतात. परत गेल्यावर वाडीवरच्या दोनशिक्षकी शाळेत एकेका बाईंसमोर दोन-दोन, तीन-तीन वर्ग असतात. शिवाय माहिती भरायची, फोटो पाठवायचे. दिवाळीनंतर ऊसतोड कामगारांची मुलं वर्गात येतात, रांजणगावच्या कारखान्यांत कामाला आलेल्या परप्रांतीय कुटुंबांची मुलं येतात. कुणी शंभरपर्यंत मोजतं पण लिहीत नाही, कुणी हिंदीत मोजतं. अशा वर्गात पुस्तकाचं कितवं पान झालं याला फार अर्थ नसतो. प्रत्येक मूल कुठवर आलंय, हे बघावं लागतं.

म्हणून एका दिवसाच्या प्रशिक्षणानं भागत नाही. दर महिन्याला केंद्राची शिक्षण परिषद भरते. तिथे शिक्षकांनी मुलांच्या वह्या घेऊन यावं, '७२ का लिहिलं असेल' यावर बोलावं, पुढच्या महिन्यात काय करून पाहिलं ते सांगावं. जिथे असं होतं, तिथे वर्ग बदलताना मी पाहिलाय. जिथे नुसती परिपत्रकं वाचली जातात, तिथे काहीच हलत नाही.

आता तुमचं काम. बाजारात तुम्ही सत्तावीस रुपयांची भाजी घेतली आणि बावन्न रुपये दिले. भाजीवाली पाटी-पेन्सिल घेत नाही. सत्तावीस आणि तीन तीस, वीस दिले पन्नास, वर दोन. तीन, वीस आणि दोन, पंचवीस परत. हे गणितच आहे, आणि नव्या अपेक्षांत अशा वेगळ्या रीतींना मान आहे. 'मला गणित येत नाही' असं म्हणणाऱ्या बाईलाही हे येतं. ते मुलांसमोर मोठ्यानं बोलून करा.

मुलानं सत्तावीसला ७२ लिहिले, तर 'एवढंही येत नाही का' असं म्हणू नका. 'कसं केलंस, दाखव' असं म्हणा. दहाच्या दोन नोटा आणि रुपयाची सात नाणी त्याच्यापुढे ठेवा. शेंगा, चिंचोके, भाकरी, काहीही मोजा, पण दहा-दहाचे ढीग करून. मूल शाळेतून काड्यांचे गठ्ठे घेऊन आलं, तर 'हा काय खेळ लावलाय' म्हणू नका. तो खेळच त्याचा अभ्यास आहे.

२०२२ पासून शाळापूर्व तयारी अभियानात गावोगावी माता गट झाले. त्यात बसा. शाळा व्यवस्थापन समितीत कायद्यानं तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असतात. त्या बैठकीत रंगरंगोटी आणि कुंपणाबरोबर हेही विचारा, 'बाई, ट्रेनिंगमध्ये या वेळी काय शिकलात? आमच्या वर्गात ते कधी दिसेल?' हे उलटतपासणीसारखं नको, आपुलकीनं विचारा. बाईंना एकटीनं तीन वर्ग सांभाळावे लागत असतील, तर तेही त्याच बैठकीत ठरावात लिहून घ्या.

तिसरीपर्यंत दशक कळला नाही, तर चौथी-पाचवीत भागाकार आणि अपूर्णांक नुसते डोक्यावरून जातात. मग मुलाला 'ढ' म्हणतात. मुलगी असेल तर 'तिला कुठं गणित लागणार आहे' म्हणून विषय संपवतात. पुढे पगाराचा हिशोब, बचत गटाचं व्याज, खताच्या पिशवीचा दर, सगळं तिला दुसऱ्याच्या तोंडून ऐकावं लागतं. ते टाळायचं असेल, तर सुरुवात दोन गठ्ठे आणि सात सुट्या काड्यांपासून करावी लागेल, शाळेतही आणि घरीही.