बाजारात पोहोचलेलं कासव

समुद्री कासवाला उलटं करून पाठीवर ठेवलं की ते पळू शकत नाही, आणि त्या अवस्थेत कित्येक दिवस जिवंत राहतं. म्हणजे बर्फ नको, पेटी नको, मांस आपोआप ‘ताजं’. या एका गोष्टीवर कासवांचा सगळा व्यापार उभा होता.

१९७०च्या दशकात ओडिशाच्या समुद्रात पकडलेली हजारो ऑलिव्ह रिडले कासवं अशीच ट्रकमधून, रेल्वेतून कोलकात्याच्या बाजाराकडे जात. १९७७ साली समुद्री कासवांचा वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत समावेश झाला. थेट वाघाच्या पंगतीत! तरी विक्री चालूच राहिली. जाळं समुद्रात, गिऱ्हाईक शहरात, आणि मधल्या वाटेवर अडवणारं कोणी नाही.

मग जे. विजया नावाची विशीतली मुलगी या बाजारांत हिंडली. सरपटणाऱ्या प्राण्यांचा अभ्यास करणारी ती आपल्या देशातली पहिली स्त्री. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला तिने टिपलेली कत्तलीची छायाचित्रं ‘इंडिया टुडे’त छापून आली, विषय पंतप्रधान इंदिरा गांधींपर्यंत गेला आणि तटरक्षक दल कामाला लागलं. कायदा आधीपासून होताच की! पण बाजार काय आहे हे लोकांना दिसलं, तेव्हा तो हलला.

आपल्या कोकणात मांसापेक्षा अंड्यांचा प्रश्न मोठा. देवळात शिरताना आपण दगडी कासवाला हात लावून नमस्कार करतो, आणि किनाऱ्यावरच्या कासवाची अंडी उकरून विकतो. असो. २००२ साली चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’च्या कार्यकर्त्यांना मंडणगड तालुक्यातल्या वेळासला अंड्यांची टरफलं दिसली. घरटी माणसंही लुटत होती, कुत्री-कोल्हेही. संस्थेने गावातल्याच माणसांना राखणीला घेतलं. मला यातलं शहाणपण फार आवडतं. वाळूवरचा माग बघून घरटं नेमकं कुठे आहे हे ओळखायला गावचीच नजर लागते. अंडी काढायला जी नजर लागते, तीच राखायलाही. अंडी कुंपणातल्या वाळूत हलवायची, पिल्लं बाहेर आली की समुद्रात सोडायची. २००६पासून कासव महोत्सव सुरू झाला, पाहुणे घरोघरी राहू लागले, आणि जिवंत पिल्लाचे पैसे गावात येऊ लागले.

तुमच्यापैकी कोणी भुवनेश्वरला असाल, कोणी चेन्नईला. हे कोकणापुरतं आहे असं समजू नका. २०२१ साली ओडिशात खुणेची पट्टी लावलेली ०३२३३ क्रमांकाची मादी २०२५च्या जानेवारीत गुहागरच्या वाळूत अंडी घालताना सापडली. ती ओडिशातच पकडली गेली असती, तर गुहागरचं ते घरटं झालंच नसतं. आणि एक मादी वयात यायला दहा वर्षांहून जास्त काळ लागतो, हेही लक्षात घ्या.

आता कामाचं सांगतो. ‘अंडी खा, ताकद येते’ म्हणत कोणी कासवाची अंडी, मांस किंवा कवचाची वस्तू पुढे केली, तर विकत घेणाराही गुन्हेगार ठरतो. तीन ते सात वर्षं कैद आणि किमान २५,००० रुपये दंड. तिथे हुज्जत घालत बसू नका. जागा, वेळ आणि गाडीचा नंबर लक्षात ठेवा आणि वनखात्याला कळवा. महाराष्ट्रात असाल तर १९२६ हा नंबर फिरवा.