हेल्मेटला बसलेला मुका मार



गेल्या जूनमधली गोष्ट. पहिला पाऊस पडून गेला होता आणि माझा पुतण्या पाचगणीहून पसरणी घाटानं वाईकडे उतरत होता. पहिल्या पावसाचा रस्ता कसा असतो ते दुचाकी चालवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. वर्षभराची धूळ आणि सांडलेलं तेल पाण्यात कालवून डांबरावर साबणासारखा थर बसतो. एका वळणावर मागचं चाक घसरलं, गाडी उजव्या अंगावर आडवी झाली आणि तिच्याबरोबर हाही पडला. वेग फारसा नव्हता. कोपर सोलवटलं, गुडघ्याला मुका मार बसला. मागून येणाऱ्या टेम्पोवाल्यानं टेम्पो कडेला लावून त्याला उठवलं, पाणी पाजलं आणि घरापर्यंत आणून सोडलं. त्या माणसाचं नाव विचारायचंही आम्हाला सुचलं नाही, याची रुखरुख मला अजून आहे.

संध्याकाळी ओट्यावर हेल्मेट ठेवलेलं होतं. उजव्या बाजूला, कानाच्या जरा वर, चार बोटं लांबीचा ओरखडा. दादानं, म्हणजे माझ्या थोरल्या भावानं, ते उलटसुलट करून पाहिलं, बोटानं टिचकी मारली आणि म्हणाला, "नुसता रंग गेलाय. बाकी ठणठणीत आहे. दोन हजार मोजलेत त्याला."

पुतण्याला ते पुन्हा डोक्यात घालायला नको वाटत होतं, पण का नको ते सांगता येत नव्हतं. मग वहिनी म्हणाल्या, "तर मला राहू दे ते. मी कुठं लांब जाते? मागं बसून बाजारापर्यंत तर जायचं."

वहिनींचं ते वाक्य माझ्या मनातून जाईना. आज तुमच्याशी बोलायला आलो आहे तो त्या वाक्यामुळे.

मी बत्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. तेव्हा आधी हेल्मेटच्या आत काय असतं ते सांगतो. बाहेर टणक कवच असतं, प्लास्टिकचं किंवा काचतंतूंचं. डोक्याला लागते ती कापडी गादी, घाम टिपणारी आणि हेल्मेट घट्ट बसवणारी. या दोन्हींच्या मध्ये थर्माकोलचं जाड अस्तर असतं. टीव्हीच्या खोक्यात असतं त्याच जातीचं, पण जास्त दाबून भरलेलं. कवच आघात पसरवतं, टोकदार वस्तू अडवतं. डोकं वाचवण्याचं मुख्य काम मात्र या थर्माकोलचं.

कसं ते बघा. उभ्या माणसाचं किंवा गाडीवर बसलेल्या माणसाचं डोकं जमिनीपासून साधारण दीड मीटरवर असतं. तिथून ते सरळ खाली आलं तर रस्त्याला टेकताना त्याचा वेग ताशी वीस किलोमीटरच्या जवळ गेलेला असतो. गाडी उभी असली तरीही. म्हणून "मी हळूच चालवत होतो" हे डोक्याच्या बाबतीत फारसं कामाचं नाही. उघडी कवटी डांबरावर आपटली तर तिला थांबायला जेमतेम एक-दोन मिलिमीटर मिळतात. थर्माकोल चुरगळत गेलं तर तेच डोकं दोन-अडीच सेंटिमीटर सरकून थांबतं. थांबायला दहापट अंतर मिळालं की मेंदूला बसणारा सरासरी झटका दहावा हिस्सा होतो. क्रिकेटचा झेल घेताना आपण हात मागे नेतो, तसंच हे. हेल्मेटमध्ये हात मागे नेण्याचं काम थर्माकोलचे दाणे करतात. त्यांच्यातल्या हवेच्या बारीक कप्प्यांच्या भिंती मोडतात आणि त्या मोडण्यात आघाताची ऊर्जा खर्ची पडते.

मोडलेल्या भिंती पुन्हा उभ्या राहत नाहीत. दुसऱ्यांदा तोच भाग रस्त्यावर आपटला तर तिथं मोडायला काही शिल्लक नसतं, किंवा थोडंच असतं. अस्तराची ती जागा आता कडक झालेली असते.

इथं एक फसवणूक आहे आणि ती ओळखणं फार गरजेचं आहे. घरात थर्माकोलचा तुकडा असेल तर त्यावर अंगठा जोरात दाबा आणि उचला. खळगा पडेल, पण दाबलं होतं तेवढा खोल नसेल. काही भाग परत वर येतो. हेल्मेटमध्येही हेच होतं. आपटताना अस्तर बरंच दबलेलं असतं आणि नंतर थोडं उसळून जवळजवळ पहिल्यासारखं दिसू लागतं. बाहेरचं प्लास्टिकही लवचिक असतं. ते आत जातं आणि परत बाहेर येतं, मागे फक्त ओरखडा राहतो. माणसाला मुका मार बसला की कातडी फाटत नाही, रक्त येत नाही, पण आत दुखापत असते. हेल्मेटलाही मुका मार बसतो, आणि त्याला तर दुखतही नाही.

दादाला मी हेच सांगितलं. टिचकी मारून कळतं ते कवचाबद्दल. अस्तराबद्दल टिचकी काही सांगत नाही.

मऊ गादीऐवजी चुरगळणारं अस्तर घालायचं हे सुचायलाही काळ जावा लागला. 1935 च्या मे महिन्यात इंग्लंडमध्ये टी. ई. लॉरेन्स, ज्याला जग 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' म्हणून ओळखतं, सायकलवरच्या दोन मुलांना चुकवताना मोटरसायकलवरून उडाला. डोक्यात काही घातलेलं नव्हतं. सहा दिवसांनी तो गेला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स नावाचे मेंदूचे शल्यचिकित्सक होते. त्यांनी हा विषय सोडला नाही. 1941 मध्ये त्यांनी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये लेख लिहून दाखवलं, की महायुद्धाच्या पहिल्या 21 महिन्यांत ब्रिटनच्या रस्त्यांवर 2,279 मोटरसायकलवाले मेले. या आकड्यात मागे बसणारेही धरलेले होते. त्याच वर्षी ब्रिटिश लष्करानं निरोप पोचवणाऱ्या आपल्या स्वारांना हेल्मेट सक्तीचं केलं. पुढे अमेरिकेत सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या चार्ल्स लोम्बार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आघात स्वतःत जिरवणाऱ्या अस्तराचं हेल्मेट तयार केलं. त्याचं पेटंट 1953 चं आहे. मऊ गादी डोक्याला उलट उसळी देते, चुरगळणारं अस्तर झटका गिळतं. आज आपल्या गावातल्या दुकानात मिळणारं चांगलं हेल्मेट याच विचारावर उभं आहे.

आता आपल्या प्रश्नाकडे येऊ. पडल्यावर हेल्मेट बदलायचं की नाही?

माझ्या मते यात विचारायचा प्रश्न एकच आहे: आपटलं तेव्हा डोकं आत होतं का? ओरखडा केवढा, वेग किती, हेल्मेट किती महाग, हे सगळं नंतर. डोकं आत असेल आणि हेल्मेट कशावरही आपटलं असेल, तर ते बदला. कारण अस्तर दबतं ते आतून. माणसाचं डोकं साडेचार-पाच किलोचं असतं. बाहेरून रस्ता आणि आतून डोकं, या दोघांच्या मध्ये थर्माकोल सापडतं.

रिकामं हेल्मेट सीटवरून फरशीवर पडलं, तर घाबरून जाऊ नका. त्याचं स्वतःचं वजन सव्वा किलोच्या आसपास, आणि आतून दाबणारं काही नाही. कवचाला तडा गेलाय का, काच आणि पट्टा नीट आहेत का, एवढं पाहून वापरा. पण ते गच्चीवरून खाली पडलं असेल, किंवा आत कुलूप नाहीतर बाटली ठेवलेली असताना आपटलं असेल, तर निराळं धरा. आणि रोज दहादा पाडायचं हेही नको. आरशाच्या टोकावर हेल्मेट टांगण्याची सवय तर सोडाच. ते टोक रोज थोडंथोडं अस्तर दाबत असतं.

काही वेळा माणूस हातावर, खांद्यावर पडतो आणि डोकं कुठेच टेकत नाही. मग हेल्मेट ठेवायला हरकत नाही. मात्र "डोकं लागलं नाही" हे पडलेल्या माणसाच्या आठवणीवर सोडू नका. डोक्याला मार बसला की आठवणीतच गडबड होऊ शकते. माझा पुतण्याही टेम्पोवाल्याला हेच सांगत होता, की डोकं लागलंच नाही. ओरखडा निराळं सांगत होता. त्याच रात्री आम्ही त्याला डॉक्टरांकडे नेलं आणि हेल्मेट सोबत घेतलं. मार कुठं बसला ते हेल्मेट पाहून डॉक्टरांना कळायला मदत होते, म्हणून ते लगेच फेकू नये.

दुसऱ्या दिवशी मी हेल्मेटमधल्या गाद्या काढून आत टॉर्च मारला. उजव्या बाजूला थर्माकोलचे दाणे चपटे होऊन तिथं तुळतुळीत चकाकी आली होती, आणि अस्तराला केसासारखी एक रेघ गेली होती. मी दादाला दाखवलं. तो बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "हे पोराच्या डोक्यात व्हायचं होतं." मला तेव्हा काही बोलता आलं नाही.

पण असं दिसलं नसतं तरी मी ते बदलायलाच सांगितलं असतं. घरच्या तपासणीत हेल्मेट खराब आहे हे ठरू शकतं. चांगलं आहे हे ठरू शकत नाही. परदेशात काही कंपन्या स्वतःचं हेल्मेट परत घेऊन तपासून देतात. आपल्या बाजारपेठेतल्या दुकानदाराकडे ती सोय नसते, आणि नवं विकणाऱ्याला किंवा जुनं टिकवणाऱ्याला निकाल द्यायला लावणंही बरं नाही.

याच ओघात आणखी एक सांगतो. हेल्मेट पेट्रोलच्या बोळ्यानं पुसू नका. गॅरेजमध्ये चिकट डाग काढायला हे सर्रास करतात. थर्माकोल पेट्रोलमध्ये विरघळतं, ते एका वाटीत तुकडा टाकून मी वर्गात दाखवत असे. थिनरही नको. साबणाचं कोमट पाणी पुरतं. आणि अपघात झाला नाही तरी हेल्मेट जन्मभर पुरत नाही. अमेरिकेतली स्नेल फाउंडेशन, जी 1956 मध्ये शर्यतीत मरण पावलेल्या पीट स्नेल यांच्या आठवणीसाठी 1957 मध्ये सुरू झाली, ती पाच वर्षांनी बदलायला सांगते. घाम, डोक्याचं तेल, ऊन, सगळं त्याला झिजवत असतं.

आता वहिनींचं वाक्य. आपल्याकडे किती घरांत हे होतं! नवं हेल्मेट चालवणाऱ्याला, जुनं मागे बसणाऱ्याला. एकदा आपटलेलं बायकोला, आईला, शाळेत सोडायच्या पोराला. नाहीतर शेतावरच्या गड्याला. त्यात वाईट हेतू नसतो, काटकसर असते, मीही त्याच काटकसरीत वाढलो. पण गाडी घसरते तेव्हा मागचा माणूस पुढच्याइतक्याच उंचीवरून पडतो. शिवाय त्याच्या हातात हँडल नसतं, खड्डा येतोय हे त्याला आधी दिसत नाही, सावरून बसायला वेळही मिळत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 129 मध्येही चालवणारा आणि मागे बसणारा असा भेद नाही. पगडी घालणारे शीख सोडले, तर चार वर्षांवरच्या प्रत्येकाला हेल्मेट सक्तीचं आहे. केर्न्स यांनी 1941 मध्ये मोजताना मागच्यांना धरलं होतं. आपण घरात मोजताना त्यांना का वगळतो?

मी वहिनींना म्हटलं, "वहिनी, हे आता कुणालाच द्यायचं नाही." मग कात्रीनं त्याचा पट्टा कापला आणि कवचावर खिळ्यानं मोठी फुली मारली. भंगारात तसंच टाकलं असतं तर कुणीतरी पुसून, रंग देऊन विकलं असतं, आणि दुसऱ्या कुणाचं तरी पोर ते घालून घाटात गेलं असतं.

रविवारी आम्ही चौघं दुकानात गेलो. दोन हेल्मेटं घ्यायची होती. दुकानदारानं आधी एक स्वस्तातलं पुढे केलं. मी आयएसआयचा शिक्का आणि त्याखालचा सीएम/एल हा परवाना क्रमांक पाहिला, मोबाइलवर भारतीय मानक ब्युरोच्या ॲपमध्ये तो घालून खात्री केली. 1 जून 2021 पासून या शिक्क्याशिवाय दुचाकीचं हेल्मेट विकता येत नाही, तरी रस्त्याकडेला काय काय टांगलेलं असतं ते तुम्ही पाहताच. पुतण्याला त्याचं माप लगेच मिळालं. वहिनींच्या डोक्यात काही केल्या हेल्मेट नीट बसेना, अंबाडा आडवा येत होता. दुकानदार म्हणाला, "मावशी, एक नंबर मोठं देतो." दादा म्हणाला, "मोठं नको, हलेल."

वहिनींनी तिथंच आरशासमोर उभं राहून अंबाडा सोडला, मानेवर सैलशी वेणी घातली आणि पुन्हा हेल्मेट चढवलं. दादानं पुढे होऊन हनुवटीखालचं बक्कल लावून दिलं आणि पट्ट्यात बोट घालून पाहिलं, सैल तर नाही ना.