माध्यम आणि मोजमाप



मराठीच्या एका निवृत्त प्राध्यापकाने गुरुजींच्या स्मृतिव्याख्यानात संगणकावरील खेळाविषयी बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु उदाहरण खेळाचे असले तरी प्रश्न भाषेचा आहे. दोन माध्यमांची तुलना न्यायाने कशी करावी? मुलाला मराठी शाळेत घालावे, कन्नड की इंग्रजी, हा विचार आपल्या सीमाभागात घरोघरी होतो. म्हणून हा विषय मी संकेश्वरसाठी निवडला.

संगणकावरील खेळातील चित्रे रेखाटण्याचे काम ग्राफिक्स कार्ड करते. त्या कार्डाला आज्ञा कोणत्या शब्दांत द्यायच्या, याचे ठरलेले व्याकरण म्हणजे ग्राफिक्स एपीआय. 'ओपनजीएल' १९९२ साली आले, मायक्रोसॉफ्टचे 'डायरेक्टथ्रीडी' १९९६ साली आणि 'व्हल्कन' २०१६ साली. कार्डाला यांपैकी कोणतीही भाषा थेट कळत नाही. मध्ये 'ड्रायव्हर' नावाचा दुभाषा असतो. यांतील अधिक वेगवान कोण, हे ठरविण्यासाठी एकाच खेळातील एकच प्रसंग पुनःपुन्हा चालवून सेकंदाला किती चित्रे उमटतात, ते मोजतात. या कसोटीला बेंचमार्क म्हणतात.

ऑगस्ट २०१२ मध्ये अमेरिकेतील व्हॉल्व्ह कंपनीने 'लेफ्ट फोर डेड टू' या आपल्या खेळाचे असे आकडे प्रसिद्ध केले. विंडोजवर डायरेक्टथ्रीडीने सेकंदाला २७०.६ चित्रे दिली, तर लिनक्सवर ओपनजीएलने ३१५. वरवर पाहता निकाल स्पष्ट होता. पण येथे दोन गोष्टी एकदम बदलल्या होत्या : चित्रांची भाषा आणि यंत्रणाही. म्हणून त्यांनी ओपनजीएल विंडोजवरच चालवून पाहिले, तेव्हा आकडा आला ३०३.४. म्हणजे सुमारे ४४ चित्रांच्या फरकातील जवळजवळ ३३ चित्रांचा फरक यंत्रणा तीच ठेवूनही उरला. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, हा तुलनेचा पहिला नियम.

दुसरा नियम असा, की आकड्याचा अर्थ पाहावा. ४४ चित्रे पुष्कळ वाटतात; परंतु एका चित्रामागे वाचलेला वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या सुमारे निम्मा आहे. ज्या पडद्यावर सेकंदाला ६० चित्रेच उमटतात, तेथे हा लाभ डोळ्यांना क्वचितच जाणवेल. शिवाय सरासरी फसवी असते. ५९ चित्रे अर्ध्या सेकंदात झरझर आली आणि साठावे अर्धा सेकंद अडले, तरी सरासरी ६०च भरते. खेळणाऱ्याला मात्र ठेच लागते. आपल्या बाजारात संकेश्वरी मिरची तिखटासाठी घेतात आणि ब्याडगी रंगासाठी. त्यांना एकाच आकड्यात कोणी बसवत नाही.

आता माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा आकडा. लिनक्सवर काम सुरू झाले तेव्हा हा खेळ सेकंदाला अवघी ६ चित्रे देत होता. ६ आणि ३१५! दोन भाषांमधील अंतराहून एकाच भाषेतील हे अंतर कितीतरी मोठे आहे. मधल्या काळात खेळाची मांडणी त्या यंत्रणेला आणि ओपनजीएलला अनुरूप केली गेली आणि ड्रायव्हर लिहिणाऱ्यांबरोबर बसून दुभाषा सुधारला गेला. पहिल्याच दिवशी "ही भाषा या कामाची नाही" असा शेरा मारला असता, तर पुढचे काहीच घडले नसते. उलट या तुलनेमुळे डायरेक्टथ्रीडीत आज्ञांच्या प्रत्येक गठ्ठ्यामागे सेकंदाचे काही दशलक्षांश वाया जात आहेत, हे कळले आणि ती उणीव दूर करण्याची वाट मोकळी झाली. खऱ्या मोजमापाचा लाभ मागे पडलेल्यालाही होतो.

मित्रहो, "मराठीतून विज्ञान शिकता येत नाही", "कन्नडमध्ये ते जमायचे नाही" ही विधाने आपण सहज करतो. ती करताना आपण भाषा मोजतो, की त्या भाषेत न लिहिलेली पुस्तके, न घडविलेल्या संज्ञा आणि न केलेले अनुवाद मोजतो? इंग्रजी शाळेचा निकाल मराठी शाळेच्या निकालाशी ताडताना घरची परिस्थिती, शिकवणी, ग्रंथालय हे सारे समान होते काय? ते समान नसेल, तर त्या आकड्यातून माध्यमाविषयी काहीच सिद्ध होत नाही. यावरून मराठी माध्यमच श्रेष्ठ, असेही मी म्हणत नाही. तसे म्हणण्यास लागणारे मोजमाप आपण केलेलेच नाही. पालकांनी निवड अवश्य करावी, पण शेरा मारण्यापूर्वी एवढे विचारावे, की या माध्यमासाठी आजवर श्रम किती झाले?