कुलूपबंद घरे आणि घरपट्टी



20 मार्च 1927 रोजी महाडच्या ज्या चवदार तळ्यावर इतिहास घडला, त्या तळ्यात पाणी नव्हते असे नाही. पाणी होते, ते काहींना घेऊ दिले जात नव्हते. आजच्या घरटंचाईचे स्वरूप पुष्कळसे असेच आहे. 2011च्या जनगणनेत देशाच्या नागरी भागात सुमारे 1 कोटी 11 लक्ष घरे रिकामी आढळली. पुढच्याच वर्षी केंद्र सरकारच्या तज्ज्ञ गटाने नागरी घरांची तूट सुमारे 1 कोटी 88 लक्ष ठरविली आणि तीतील 95 टक्क्यांहून अधिक तूट दुर्बल व अल्प उत्पन्न गटांतील असल्याचे दाखवून दिले. घर हे निवाऱ्याचे साधन न राहता पैसा गुंतवून ठेवण्याची वस्तू बनले, हे या विसंगतीचे एक प्रमुख कारण होय.

महाड-पोलादपूरला हा प्रश्न जीवनमरणाचा आहे. 24 ऑगस्ट 2020 रोजी महाडात पाच मजली इमारत कोसळून 16 जण मृत्युमुखी पडले. 22 जुलै 2021 रोजी सावित्रीच्या पुराने शहर बुडाले. त्याच दिवशी तळिये येथे दरडीखाली ऐंशीहून अधिक माणसे गेली आणि पोलादपूर तालुक्यातही बळी पडले. अशा आपत्तीत छप्पर गमावलेल्या कुटुंबाला सुरक्षित जागी भाड्याचे घर तातडीने हवे असते. औद्योगिक वसाहतीतील कंत्राटी कामगाराला ते नेहमीच हवे असते.

घर बंद ठेवण्याची किंमत मात्र मालकाला फारशी मोजावी लागत नाही. पूर्वी दुसऱ्या घराचे काल्पनिक भाडे आयकरासाठी उत्पन्नात धरले जाई. 2019च्या अर्थसंकल्पाने दुसऱ्या घरालाही त्यातून सूट दिली. 2025मध्ये ती आणखी सैल झाली. याउलट फ्रान्सने 1999पासून मोठ्या शहरांतील रिकाम्या घरांवर कर बसविला. त्यामुळे तेथील रिकाम्या घरांचे प्रमाण चार वर्षांत सुमारे 13 टक्क्यांनी घटले, असा एका अभ्यासाचा निष्कर्ष आहे.

परंतु परदेशातील कायदा जसाच्या तसा येथे लागू करणे अन्यायाचे ठरेल. पोलादपूरच्या वाड्यावस्त्यांवरील कुलूपबंद घर हे बहुधा मुंबईत राबणाऱ्या चाकरमान्याचे असते. शिमग्याला आणि गणपतीला ते उघडते. म्हातारपणीचा आसरा तेवढाच असतो. त्यावर कर बसविणे म्हणजे श्रमिकालाच दंड करणे होय. म्हणून वडिलोपार्जित गावघरे, आपद्ग्रस्त घरे व न्यायप्रविष्ट मालमत्ता यांना पूर्ण सूट हवी. कर हवा तो शहरी हद्दीत वर्षभर बंद ठेवलेल्या दुसऱ्या-तिसऱ्या सदनिकेवर. तोही दरवर्षी चढत जाणारा. त्याचे उत्पन्न नगरपरिषदेने भाड्याची घरे बांधण्यासाठीच राखून ठेवावे.

भाडेकरू घर सोडणार नाही, ही मालकाची भीती अगदीच निराधार नाही. पण महाराष्ट्राच्या 1999च्या भाडे नियंत्रण कायद्यात, परवान्याची मुदत संपताच ताबा मिळविण्याची सोय आहे. ही सबब आता पुरेशी नाही.

कराचा अधिकार देणारा कायदा विधिमंडळाला करावा लागेल. तोवर कार्यकर्त्यांनी प्रभागवार बंद सदनिकांची नोंद करावी, गरजू कुटुंबांची यादी तिच्याशेजारी ठेवावी आणि दोन्ही घेऊन नगरपरिषदेवर जावे. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव मुंबई कायदेमंडळाने 1923मध्येच केला होता. तो कागदावर राहिला. चवदार तळ्यापर्यंत तो पोहोचविला लोकांच्या पावलांनी. घरांचेही तसेच होईल.