गच्चीवरचा कडीपाट



जुन्या वाड्यांतल्या माजघरांत उताणें पडून ज्यांनीं छताकडे पाहिलें असेल, त्यांना कडीपाट म्हणजे काय हें सांगावयास नको. ओळीनें मांडलेल्या लाकडी कड्या आणि त्यांवर जडलेल्या फळ्या. डोक्यावरची तीच रचना आतां काँक्रीटच्या स्लॅबवर, पायांखालीं येऊं लागली आहे. कोणी तिला डेक म्हणतात. मी आपला कडीपाटच म्हणणार आहें.

आमच्या पालघर-बोईसर भागांत अशा गच्च्यांना तोटा नाहीं. १९६९ सालीं तारापूरचें अणुवीज केंद्र सुरू झालें, बोईसरला औद्योगिक वसाहत वाढली, २०१४ सालीं पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला. आणि पुष्कळ घरांवरचीं कौलें जाऊन सपाट स्लॅब आले. अशी गच्ची वैशाखांत तव्यासारखी तापते आणि श्रावणांत शेवाळते. तिच्यावर लाकूड अंथरावें, सायंकाळीं चार खुर्च्या टाकून वारा घ्यावा, ही इच्छा कोणालाहि व्हावी. मलाहि झाली. तिची किंमत मात्र माझ्या आईच्या खोलीला मोजावी लागली.

मीं केलें तें असें. गच्चीवर प्लास्टिकचा कागद पसरला, त्यावर रिपा आडव्या टाकल्या, त्या स्क्रूंनीं थेट स्लॅबला आवळल्या आणि वर फळ्या ठोकल्या. काम चार दिवसांत आटोपलें आणि दिसलेंहि देखणें. दुसऱ्या पावसाळ्याच्या अखेरीस एक फळी टाचेखालीं मऊ लागली. उचलून पाहतों तों खालची रीप काळी पडलेली आणि तिच्यावर बुरशीचें पांढरें जाळें. त्याच आठवड्यांत खालच्या खोलींत आईच्या खाटेवर थेंब पडूं लागले. प्रत्येक स्क्रूनें कोब्याला एकेक भोक पाडलें होतें, आणि लाकडाखालीं कोंडलेल्या पाण्याला ती वाट सांपडली होती.

सातपाटीकडे होड्यांचें काम केलेले एक वृद्ध सुतार तें पाहावयास आले. काळी रीप नखानें उकरून ते म्हणाले, "मास्तर, लाकूड पाण्यानं मरत नाय, कोंडलेल्या पाण्यानं मरतं. होडी जन्मभर खाऱ्या पाण्यांत राहते. पण पावसाचं गोडं पाणी जिथं कोपऱ्यांत साचतं, तिथंच ती पहिली कुजते."

माझ्या भाषणाचें सार या तीन वाक्यांत आलें. लाकूड कुजविणाऱ्या बुरशीला वाढण्यास लाकडांत शेंकडा वीसांहून अधिक ओलावा लागतो. आमच्याकडे जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत सुमारें दोन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तेव्हां लाकूड भिजूं न देणें हें आपल्या हातीं नाहीं. भिजलेलें लाकूड लवकर वाळूं देणें, एवढेंच आपल्या हातीं आहे.

म्हणून आरंभ लाकडापासून नव्हे, स्लॅबपासून करावा. गच्चीला पाण्याच्या नळाकडे उतार हवा. दर मीटरला निदान एक सेंटिमीटर. पाणसळ लावून तो तपासावा. मग नळाचें तोंड बंद करून दोन बोटें पाणी अठ्ठेचाळीस तास कोंडून ठेवावें आणि खालच्या छतावर नजर ठेवावी. ओल दिसली तर आधीं ती दुरुस्ती. गच्ची गृहनिर्माण संस्थेची सामाईक असेल तर संस्थेची लेखी परवानगी घ्यावी, आणि खालच्या शेजाऱ्यालाहि सांगावें. कारण आपली चूक प्रथम त्याच्या छतावर उमटणार असते.

स्लॅबला एकहि भोक पाडूं नये. कड्या रबराच्या जाड तुकड्यांवर किंवा कमीजास्त उंचीच्या ठोकळ्यांवर नुसत्या टेकवाव्या आणि एकमेकींना जोडून सांगाडा करावा. तो पुरेसा मोठा असला म्हणजे आपल्या भारानेंच जागीं राहतो. कडेच्या सुट्या फळीखालीं वारा शिरून ती उचलली जाऊं नये, म्हणून ती मात्र सांगाड्याला पक्की हवी. कड्या उताराच्या दिशेनें मांडाव्या. आडव्या मांडल्या तर प्रत्येक कडी म्हणजे एक बांध. फळ्यांखालीं दोन-तीन इंच मोकळी जागा ठेवावी आणि कडांना ती झांकूं नये, म्हणजे वारा खेळता राहतो.

भाराची भीति पुष्कळांना वाटते. सागाचें घनमीटरामागें वजन सुमारें साडेसहाशें किलो. म्हणजे इंचभर जाडीच्या फळ्यांचा भार दर चौरस मीटरला सोळा-सतरा किलो, कड्या धरून तीसच्या आंतबाहेर. ज्या सपाट गच्चीवर माणसांची ये-जा असते, तिच्यासाठीं भारतीय मानकांत दर चौरस मीटरला दीडशें किलोंचा वापराचा भार धरलेला असतो. याउलट वीतभर ओली माती अडीचशें किलोंच्याहि वर जाते. कडीपाटापेक्षां त्याच्यावर मागाहून येणाऱ्या कुंड्यांचीच चिंता अधिक करावी. आणि इमारत जुनी असेल तर अभियंत्याला विचारल्याशिवाय पुढें जाऊं नये.

लाकूड सागाचें घ्यावें. जव्हार-डहाणूच्या जंगलांचें तें वैभवच आहे. मात्र सागाचा टिकाऊपणा त्याच्या गाभ्यांत असतो. बाहेरचा फिकट भाग वाळवीला आणि भुंग्याला सहज बळी पडतो. लहान वयांत तोडलेल्या झाडांत तो भाग अधिक. म्हणून प्रत्येक फळीची कड पाहून घ्यावी आणि मालाबरोबर पावती मागून घ्यावी. शंभर मिलिमीटर रुंदीची वाळलेली फळी पावसाळ्यांत दीड-दोन मिलिमीटर फुगते. यासाठीं दोन फळ्यांत पांच मिलिमीटरांची फट हवी. फळीचें कापलेलें टोंक सर्वांत अधिक पाणी पितें. तें तेल किंवा मेण लावून बंद करावें.

तारापूर-चिंचणीच्या किनाऱ्यावर खाऱ्या हवेचें आणखी एक संकट आहे. साधा लोखंडी खिळा तेथें लवकर गंजतो आणि सागांतल्या द्रव्यांशीं मिळून काळे डाग पाडतो. अशा जागीं ३१६ जातीच्या स्टेनलेस पोलादाचेच स्क्रू वापरावे.

शेवटची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. कडीपाट एका माणसाला उचलतां येतील अशा लहान भागांत करावा, आणि नळाच्या तोंडावरचा भाग तर नुसता हातानें निघाला पाहिजे. दर वर्षीं मृगापूर्वीं तो उचलावा, खालचीं पानें-माती झाडावी, आणि दिवाळीपूर्वीं पुन्हां एकदां पाहावें. आपण जें झांकतों तें आपल्या दृष्टीआड होतें. पण घराचें छत दृष्टीआड करणें कोणालाहि परवडत नाहीं.

आमच्या गच्चीवर आतां असा कडीपाट आहे. त्यानें तीन पावसाळे पाहिले. आईची खाट पुन्हां पूर्वीच्या जागीं गेली आहे. पण पहिला मोठा पाऊस झाला कीं ती अजून एकदां वर छताकडे पाहते, आणि मग माझ्याकडे. तेवढी शिक्षा मी मुकाट्यानें भोगतों. आपल्यावर ती वेळ येऊं नये, एवढ्याचसाठीं हा प्रपंच.